ऑनलाइन संशोधन-मार्गदर्शिका आणि मराठीचा अभ्यासक

१. विषयप्रवेश

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि ते अभ्यासकाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दोहोंमधील अंतर कमी करणे हे सूचिकाराचे कार्य. मराठीपुरते बोलावयाचे झाल्यास या कार्याचा पाया शंकर गणेश दाते यांनी घातला. इ. स. १८०० ते १९३७ व १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची वर्गीकृत नोंद त्यांनी दोन भागांत सिद्ध केली, आणि त्यांच्या पश्चात दाते सूची मंडळाने १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची तयार करून तेच कार्य पुढे नेले. मराठीत संशोधन करणारा कोणीही विद्यार्थी आजही प्रथम या सूचींकडेच वळतो.

सूची आणि मार्गदर्शिका यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. काय काय प्रसिद्ध झाले आहे, एवढेच सूची सांगते. अमुक विषयाच्या अभ्यासास कोठून आरंभ करावा, कोणता कोश प्रथम पाहावा, कोणते साधन कोणत्या ग्रंथालयात वा संकेतस्थळावर आहे आणि ते कसे वापरावे, हे मार्गदर्शिका सांगते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. संशोधन-मार्गदर्शिका ही त्या सूत्राचीच एक प्रत्यक्ष योजना म्हणता येईल.

अशा मार्गदर्शिका आता संगणकावर रचल्या जातात व त्यासाठी स्वतंत्र आज्ञावली उपलब्ध आहेत. या आज्ञावलींचे स्वरूप काय, त्यांत अलीकडे कोणत्या सोयी आल्या आणि मराठीच्या अभ्यासकास त्या कितपत पुरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक असल्याने विवेचनाचा भर अर्थातच भाषेच्या बाजूवर राहील.

२. आज्ञावलीचे स्वरूप व नव्या सोयी

या प्रकारच्या आज्ञावलींत सर्वाधिक प्रचलित म्हणजे ‘लिबगाइड्स’. ‘स्प्रिंगशेअर’ या अमेरिकन कंपनीने ती २००७ साली प्रचारात आणली. ‘सब्जेक्ट्सप्लस’ ही तिच्यासारखेच कार्य करणारी, परंतु विनामूल्य व खुल्या स्वरूपाची आज्ञावली अमेरिकेतील विद्यापीठ-ग्रंथालयांतच वाढली. दोहोंची मूळ कल्पना एकच आहे. प्रत्येक विषयास एक मार्गदर्शिका, मार्गदर्शिकेची काही पाने आणि प्रत्येक पानावर काही कप्पे. एका कप्प्यात कोश, दुसऱ्यात नियतकालिके, तिसऱ्यात प्रबंध, चौथ्यात ग्रंथपालाशी संपर्क साधण्याची सोय. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या ग्रंथपालासही हे कप्पे भरता यावेत, असा या रचनेचा हेतू आहे.

२०१४ साली लिबगाइड्सची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातील व तिच्यानंतरच्या सुधारणांपैकी चार येथे नमूद करण्याजोग्या आहेत.

पहिली सुधारणा साधनांच्या सामायिक भांडाराची. पूर्वी एखाद्या कोशाचा दुवा दहा मार्गदर्शिकांत दिला असेल आणि त्याचा पत्ता बदलला, तर दहाही ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. आता दुवा एकदाच भांडारात नोंदवून सर्वत्र त्याचा वापर करता येतो व एका ठिकाणची दुरुस्ती सगळीकडे लागू पडते. दुसरी सुधारणा दुव्यांच्या तपासणीची. निकामी झालेले दुवे आज्ञावली स्वतः शोधून ग्रंथपालापुढे ठेवते. तिसरी, पान लहान पडद्यावरही नीट वाचता येण्याची. आपल्याकडील बहुसंख्य विद्यार्थी संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरच वाचतात, हे लक्षात घेता ही सोय गौण मानता येणार नाही. चौथी सुधारणा दृष्टिहीन व अन्य अपंग वाचकांच्या सुलभतेची. चित्रांना वर्णन जोडणे, शीर्षकांचा क्रम नीट ठेवणे इत्यादी गोष्टींमुळे पडदावाचक यंत्रास पान मोठ्याने वाचून दाखविता येते. अमेरिकेत २०२४ साली सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांसाठी याविषयीचे नियम करण्यात आले. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्याने सुलभतेचे तत्त्व स्वीकारले आहे.

या सर्व सुधारणा स्वागतार्ह होत. तथापि त्या भाषानिरपेक्ष आहेत. भाषेचा प्रश्न उपस्थित होताच चित्र बदलते.

३. एक उदाहरण

दोन वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी कळंब तालुक्यातील शेतीविषयक शब्दसंपत्ती हा विषय घेतला. पेरणीच्या औतांची व त्यांच्या भागांची नावे, जमिनीच्या प्रतींची नावे, पावसाच्या प्रकारांचे शब्द असे साहित्य त्याने मांजरेच्या काठच्या गावांतून उत्तम गोळा केले. आता पूर्वीच्या अभ्यासाचा मागोवा घ्यावयाचा होता. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय छत्रपती संभाजीनगरास. तेथे एका दिवसात जाऊन, वाचून परत येणे कळंबच्या विद्यार्थ्यास दुरापास्तच. म्हणून त्याने एका संस्थेची ऑनलाइन मार्गदर्शिका उघडून तिच्या शोधचौकटीत ‘कळंब’ हा शब्द घातला.

जे हाती आले त्यात बहुतांश यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या चिंतामणी देवस्थानाविषयीचे होते. उरलेल्यांपैकी काही दुवे पुणे जिल्ह्यातील कळंब गावांचे व काही निकामी. आपल्या तालुक्यावर कोणी काहीच लिहिलेले नाही, असा निष्कर्ष काढून विद्यार्थ्याने प्रबंधात ‘पूर्वसंशोधन उपलब्ध नाही’ असे वाक्य लिहिले. ते वाक्य खरे नव्हते. साधने होती, परंतु ती दुसऱ्या नावांखाली होती. दोष विद्यार्थ्याचा म्हणावा, तर त्यास हे सांगणारे कोणी नव्हते. आणि हे सांगणे हेच तर मार्गदर्शिकेचे प्रयोजन.

४. अडचणींचे चार प्रकार

(अ) नामभेद. एका नावाची अनेक स्थळे आणि एका स्थळाची अनेक नावे, असा हा दुहेरी प्रश्न आहे. आपले कळंब जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘कल्लम’ अशा उच्चाराच्या वर्णलेखनाने येते. जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत ते उस्मानाबाद, आणि त्याहीपूर्वी जिल्हा नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील माहिती ‘धाराशिव’ या शब्दाखाली शोधणारास फारसे काही मिळणार नाही. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर हे इंग्रजी ग्रंथांत ‘थैर’ असेही आढळते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. म्हणजे लिपीचाही भेद आला. व्यक्तिनामांचीही तीच गत. ग्रंथसूचीकार शं. ग. दाते आणि महाराष्ट्र शब्दकोशाचे एक संपादक य. रा. दाते या दोन भिन्न व्यक्ती. केवळ ‘दाते’ या शब्दाने शोधणारा त्यांची गल्लत करील.

(आ) लेखनभेद. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘शाळेंत’ ही रूपे ‘नाव’, ‘काही’, ‘शाळेत’ अशी झाली. ‘कवि’, ‘वस्तु’ यांचे अंत्य स्वर दीर्घ झाले. परिणामी आजच्या लेखनाने शोध घेणारा विद्यार्थी १९६२ पूर्वीच्या शीर्षकांपैकी कित्येकांना नकळत मुकतो. मनुष्याचा डोळा दोन्ही रूपे एक मानतो. यंत्र मानीत नाही.

(इ) रूपभेद. मराठी नाम विभक्तिप्रत्ययापूर्वी सामान्यरूप धारण करते. ‘पाणी’ हा शब्द अक्षरशः शोधला तर ‘पाण्याचा’ सापडत नाही. ‘तळे’ शोधले तर ‘तळ्यात’ सापडत नाही. ‘शेतकरी’ शोधले तर ‘शेतकऱ्यांचा’ सापडत नाही. उलटपक्षी ‘तेर’ हा शब्द शोधला असता ‘तेरा’, ‘तेरावे’ असे असंबद्ध शब्द हाती येतात. इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय गाळला की बहुधा काम भागते. मराठीत मूळ शब्दाचे अंगच बदलत असल्याने शोधयंत्रास व्याकरणाची जोड द्यावी लागते. शोधयंत्राची ही उणीव तंत्रज्ञ दूर करू शकेल; परंतु सामान्यरूपांचे नियम त्यास भाषाभ्यासकानेच पुरविले पाहिजेत.

(ई) संकेतभेद. दिसावयास एकच असलेले अक्षर संगणकाच्या पोटात दोन प्रकारांनी साठविलेले असू शकते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. तत्पूर्वी ते ‘अ’ व चंद्र यांच्या जोडणीने लिहिले जाई आणि अद्यापि अनेकजण तसेच लिहितात. ‘ऱ्या’ मधील अर्ध्या रकाराचीही तीच अवस्था. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित झालेले प्रबंध तर यंत्राच्या दृष्टीने मराठीच नव्हेत. त्यांच्यातील मजकूर उतरवून घेतला असता निरर्थक रोमन चिन्हांची माळ मिळते.

वर्णानुक्रमाचा प्रश्नही येथेच येतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’ नंतर आहे. म्हणून केवळ संकेतांकांवरून लावलेल्या यादीत ‘कळंब’ हे ‘कसबा’ या शब्दाच्या आधी येते आणि ‘ॲ’ ने आरंभ होणारी शीर्षके ‘ह’ च्याही पलीकडे जाऊन बसतात. शोधणारा ती स्वरांत शोधतो व न सापडल्याने पुढे जातो.

५. उपाययोजना

शोधयंत्रात मराठी व्याकरण येईल तेव्हा येवो. तोवर मार्गदर्शिका रचणाराच्या हाती बरेच काही आहे. आज्ञावलीच्या विद्यमान सोयींचाच जाणीवपूर्वक उपयोग केल्यास वरील अडचणींपैकी पुष्कळशा सुसह्य होतात.

प्रत्येक मार्गदर्शिकेच्या प्रथम पानावर ‘या नावांनीही शोधा’ असा एक कप्पा असावा. कळंब तालुक्याच्या भाषेविषयीच्या मार्गदर्शिकेत त्यामध्ये कळंब, कल्लम, धाराशिव, उस्मानाबाद, नळदुर्ग ही नावे काळाच्या निर्देशासह द्यावीत आणि यवतमाळ व पुणे या जिल्ह्यांतील कळंब भिन्न असल्याची स्पष्ट सूचना असावी. दुसरे, प्रत्येक नोंदीच्या वर्णनात शीर्षकाचे मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून त्याजवळ आजचे लेखन द्यावे. मूळ लेखन बदलणे हा ग्रंथाशी अपराध होय व आजचे न देणे हा वाचकाशी. तिसरे, सामायिक भांडारात साधन नोंदविताना सर्वांनी एकच संकेतपद्धती पाळावी. या तिन्ही गोष्टींस पैसा लागत नाही. शिस्त मात्र लागते.

अशा मार्गदर्शिकेत कोणती साधने येतील? कोशांच्या कप्प्यात १८५७ ची मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. बोलींच्या कप्प्यात ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा १९०५ चा सातवा खंड, अ. मा. घाटगे यांच्या १९६३ पासून निघालेल्या बोली-सर्वेक्षणाच्या पुस्तिका, आणि डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांचा मराठी बोलींच्या प्रतिमांकनाचा प्रकल्प. घाटगे यांच्या आरंभीच्या पुस्तिका दक्षिण कानडा व कुडाळ येथील बोलींविषयी आहेत. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने त्या सामग्रीसाठी नव्हे, तर पद्धतीसाठी पाहाव्यात, अशी एक ओळ तेथे लिहावी. ही एक ओळ म्हणजेच मार्गदर्शिका. बाकी सर्व सूची. प्रबंधांच्या कप्प्यात ‘शोधगंगा’ हे भांडार यावे व तेथे मराठी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत शोध घ्यावा, अशी सूचना असावी.

६. समारोप

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. सुमारे ६,३०० शासकीय संस्थांना तीस प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके उपलब्ध व्हावीत, म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि २०२५ च्या आरंभापासून ती अमलात आली. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची ‘एन-लिस्ट’ योजना आधीपासूनच आहे. जागतिक ज्ञानाचे दार अशा रीतीने उघडले जात असता, मराठीतील ज्ञानाकडे नेणारी वाट मात्र ज्याची त्याने शोधावी, अशी स्थिती राहणे इष्ट नव्हे. परदेशी नियतकालिकांसाठी परदेशी प्रकाशक मार्ग आखून देतात. मराठीसाठी तो आपल्यालाच आखावा लागेल.

हे काम एकट्या ग्रंथपालाचे नाही. नामभेद इतिहासाच्या अध्यापकास ठाऊक असतात, लेखनभेद व रूपभेद भाषेच्या अध्यापकास, आणि गावचे शब्द विद्यार्थ्यास. प्रत्येक पदव्युत्तर विभागाने आपल्या परिसराविषयीची एक मार्गदर्शिका सिद्ध करावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने लघुप्रबंध सादर करताना स्वतःला सापडलेल्या साधनांची भर तीत घालावी, एवढी प्रथा पडली तरी दहा वर्षांत चित्र पालटेल.

उपरिनिर्दिष्ट विद्यार्थ्याच्या प्रबंधातील ते वाक्य परीक्षणापूर्वी खोडले गेले. नळदुर्ग व उस्मानाबाद या नावांखाली शोध घेतल्यावर त्यास चार जुनी साधने मिळाली, आणि आपल्या तालुक्यातील शब्दांवर पूर्वी कोणी विचार केला होता हे पाहून तो हर्षभरित झाला. ‘उपलब्ध नाही’ असे लिहिण्यापूर्वी ‘मी कोणकोणत्या नावांनी शोधले’ हे प्रत्येक संशोधकाने स्वतःस विचारावे. आणि तो प्रश्न विचारण्याची सवय आपल्या मार्गदर्शिकांनी त्यास लावावी.