थ्रेडनीडल स्ट्रीटवरची म्हातारी

बँक ऑफ इंग्लंडला इंग्रज लोक लाडाने ‘थ्रेडनीडल स्ट्रीटवरची म्हातारी’ म्हणतात. आज हे नाव ऐकून एखादी प्रेमळ, जुन्या वळणाची आजी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते एका संतापातून रूढ झाले. सरकारने बँकेच्या तिजोरीत कुठवर हात घालावा, हा त्यामागचा प्रश्न होता, आणि बँकेचा पत्ता लक्षात घेतल्याशिवाय तो नीट कळत नाही.

1694 साली राजा तिसरा विल्यम फ्रान्सशी लढत होता आणि खजिना रिकामा होता. लंडनच्या धनिकांनी 12 लाख पौंड उभे करून 8 टक्के व्याजाने सरकारला दिले. त्या बदल्यात त्यांना बँकेची सनद मिळाली. सुरुवातीची चाळीस वर्षे बँक व्यापारी संघांच्या वास्तूंमध्ये राहिली आणि 1734 मध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर स्वतःच्या इमारतीत गेली. ती जागा पहिले गव्हर्नर जॉन हूब्लन यांच्या घराची होती, तेव्हा हा निव्वळ योगायोग, असे कोणी म्हणेल. पण ते घर व्यापाऱ्यांच्या ‘सिटी’त होते, हा योगायोग नव्हे. भांडवल घालणारे इथेच राहत, इथेच व्यवहार करत. संसद आणि मंत्री तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, वेस्टमिन्स्टरला. बँक सरकारला कर्ज देई, पण सरकारच्या अंगणात बसत नसे.

हे अंतर 1797 मध्ये पुसले गेले. फेब्रुवारीत फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले, घाबरलेले लोक नोटा देऊन सोने मागू लागले, आणि पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारने सोने देणे थांबवायला लावले. मे महिन्यात जेम्स गिलरे यांचे व्यंगचित्र आले. नोटांचा झगा घातलेली म्हातारी कुलूपबंद पेटीवर बसली आहे, पिट तिच्याशी लगट करत तिच्या खिशातले सोने काढत आहेत आणि ती मदतीसाठी ओरडते आहे. टोपणनाव पक्के झाले ते यातूनच.

सरकारच्या कर्जासाठीच जन्मलेल्या बँकेने तक्रार का करावी, असा आक्षेप घेता येतो. परंतु सावकार आणि खजिनदार यांत फरक आहे: सावकार नाही म्हणू शकतो. बंदीमुळे ब्रिटनला युद्ध रेटता आले, हा दुसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. तरी त्याची किंमत मोजावी लागलीच. नोटांचे मोल घसरले, आणि 1810 मध्ये संसदेच्याच समितीने नोटांच्या अतिरेकाला दोष दिला. सोने पुन्हा मिळू लागले ते 1821 मध्ये. म्हणून गिलरे यांचा राग मला रास्त वाटतो.

1946 मध्ये बँक सरकारच्या मालकीची झाली. 1997 मध्ये व्याजदर ठरवण्याचा अधिकार सरकारने तिला दिला. महागाईचे लक्ष्य मात्र आजही अर्थमंत्रीच ठरवतात.