वीज किती, रोजगार किती?

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणकांचे गोदाम. ते रात्रंदिवस चालते; यंत्रे तापतात, म्हणून थंडाव्यालाही वीज आणि अनेक ठिकाणी पाणी लागते. आयर्लंडचा सरकारी हिशेब पाहा. २०१५ साली देशात मोजल्या गेलेल्या विजेपैकी ५ टक्के या केंद्रांना लागली. २०२३ मध्ये २१ टक्के. त्याच वर्षी तेथील सर्व ग्रामीण घरांनी मिळून वापरली १० टक्के!

मागावर वीज खर्च झाली की कांडी भरणाऱ्यापासून हमालापर्यंत चूल पेटते, हे आम्ही कापडवाले जाणतो. इथे बांधकाम संपले की मोजकेच हात उरतात. कर मिळतो, हे खरे. आता नवी मुंबईतही अशी केंद्रे आहेत. उद्या एखाद्या गावाकडे जमीन मागितली, तर वीजवाहिनीचा खर्च, पाणी आणि कायम नोकऱ्या, तिन्ही गोष्टी आधी कागदावर घ्याव्यात. तोंडी सौदा नको.