भरल्या ट्रॉलीला ब्रेक कोण लावतो?

दिवाळी झाली, भात झोडून घरात पडले, की भिवंडी तालुक्यातले ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात. पेंढ्याचे भारे, गवत, विटा, खडी, मांडवाचे सामान, जे भाडे मिळेल ते ट्रॉलीत पडते. पडघा, अंबाडी, खारबाव या बाजूंनी येणाऱ्या ट्रॉल्यांना एके काळी सोबत असे ती बैलगाड्यांची आणि एस. टी.ची. आज त्यांच्या मागेपुढे गोदामांकडे जाणारे लांबलचक कंटेनर असतात, आणि पुढचा कंटेनर थांबला, की आपल्यालाही जागच्या जागी थांबावेच लागते. तेव्हा वाचकहो, आपल्या ट्रॅक्टरकडे पाहून एकच प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही पायाखालचा ब्रेक दाबता तेव्हा ट्रॅक्टर थांबतो हे खरे, पण मागची ट्रॉली कोण थांबवतो?

बहुतेक घरी याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बांधून घेतलेल्या कित्येक ट्रॉल्यांना ब्रेक मुळातच नसतो. ज्यांना असतो, त्यांतल्या निम्म्यांचा दांडा सुटून तारेने वर बांधून ठेवलेला दिसतो. ‘ट्रॅक्टरला ब्रेक आहे, मग ट्रॉलीला कशाला?’ असे चालक म्हणतात. त्यांना हिशोबच करून दाखवला पाहिजे.

पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. भट्टीची वीट तीन किलोची धरली, तर हजार विटांचे तीन टन झाले. दीड हजार विटा भरल्या, ट्रॉलीचे स्वतःचे वजन एक-सव्वा टन धरले, की मागे साडेपाच टनांच्या वर ओझे होते. म्हणजे दोन टनांच्या गड्याने साडेपाच टनांच्या गड्याला धरून ठेवायचे, तेही नुसत्या मागच्या दोन चाकांनी, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना पुढच्या चाकांना ब्रेक नसतो. उतारावर हा हिशोब आणखी बिघडतो. दहा फुटांना एक फूट असा उतार असेल, तर साडेपाच टनांची ट्रॉली साडेपाचशे किलोच्या जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलत असते. खाडीपुलावरून उतरताना किंवा शेताच्या चढणीवरून खाली सडकेला लागताना ‘ट्रॉली लोटते आहे’ असे जे वाटते, ते हेच.

वेगाचेही तसेच आहे. ताशी दहा किलोमीटरवरून वीसवर गेलात, की थांबवायचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि तीसवर गेलात, की नऊपट. शिवाय ताशी वीसच्या वेगात ट्रॅक्टर एका सेकंदात अठरा फूट पुढे जातो. पाय उचलून ब्रेकवर ठेवेपर्यंतच एवढे अंतर निघून गेलेले असते.

सरळ रस्त्यावर ट्रॉलीने लोटले, तर ट्रॅक्टर सरळ पुढे घसरेल. पण वळणावर, थोडा तिरका असताना लोटले, तर ती ट्रॅक्टरची मागची बाजू एकीकडे फेकते आणि कात्रीची पाती मिटावीत तसे दोघे एकमेकांवर मिटतात. मधे सापडतो तो चालक. आणि दांड्यावर किंवा मडगार्डवर पोर बसवलेले असेल, तर त्याविषयी लिहायलाही नको.

जुनी माणसे बैलगाडी हाकताना याचा विचार करीत असत. उतार आला, की बैल आवरून धरायचे. घाटात गाडीमागे ओंडका बांधून तो फरफटत न्यायचा, म्हणजे गाडीचे ओझे बैलांच्या मानेवर येत नसे. ओझे ज्याचे त्याने आवरावे, हे शहाणपण त्या ओंडक्यात होते. ट्रॅक्टर आला, बळ वाढले, आणि ओंडका तेवढा मागे राहिला.

परदेशातही ही गोष्ट लोकांना अनुभवानेच कळली आहे. अमेरिकेत कुटुंबे सुट्टीत पिकअप गाडीमागे राहण्याचा डबाच जोडून फिरायला जातात. झोपायची, स्वयंपाकाची सोय त्यातच. त्या डब्याच्या चाकांत विजेवर चालणारा ब्रेक असतो आणि चालकाजवळ एक लहानसे बटण असते. डबा रिकामा असेल तर ब्रेकचा जोर कमी ठेवायचा, भरला की वाढवायचा. चाक अडकून घासत जाणार नाही, पण डबा मागून लोटणारही नाही, अशा बेताला ते बटण फिरवून ठेवतात. आपल्याकडे ते बटण नाही, पाना आहे. पण बेत तोच साधायचा आहे.

आता कामाला लागू. पण ट्रॉलीखाली शिरण्याआधी ट्रॅक्टरच्या दोन पेडलांकडे पाहा. चिखलणीत जागच्या जागी वळण्यासाठी आपण डावे-उजवे पेडल सुटे करतो. भात लावून झाले, ट्रॅक्टर सडकेला लागला, तरी ती पेडले सुटीच राहतात, असे फार ठिकाणी दिसते. मागे भरली ट्रॉली असताना घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर एकच चाक अडकते, ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि ट्रॉली त्याला आडवा करते. म्हणून सडकेवर येण्यापूर्वी दोन्ही पेडले पट्टीने जोडायचीच. जोडल्यावर मोकळ्या जागेत, सावकाश वेगात ब्रेक मारून पाहा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल, तर दोन्हींची खेच सारखी नाही. ती आधी सारखी करून घ्यावी, मगच मागच्या ब्रेकला हात घालावा.

ट्रॉलीचा ब्रेक कसा आवळावा

ट्रॉली रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करा. चिखलात किंवा शेताच्या मऊ मातीत जॅक लावू नये. ज्या बाजूचे चाक उचलायचे, त्याच्या समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा. दांडा ट्रॅक्टरला जोडलेलाच असू द्या आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा. जॅकने चाक उचलले, की ॲक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये, मग तो मिस्त्री असो की घरचा मुलगा.

आपल्याकडच्या ट्रॉल्यांना बहुधा ड्रमचा साधा ब्रेक असतो. लोखंडी दांडा किंवा तार ओढली, की ड्रमच्या मागचा लिव्हर फिरतो, त्याच्या टोकाचा कॅम आतले दोन शू फाकवतो आणि शूवरचे लाइनर ड्रमला घासतात. इथे एक चूक सर्रास होते. ब्रेक कमी लागतो असे दिसले, की लोक पुढच्या दांड्याचा नट आवळतात. काम तेवढ्यापुरते भागते, पण आत शू झिजलेले असतील तर लिव्हर ओढून ओढून पार पुढे जातो आणि त्याची ताकद संपते. दांडा आणि लिव्हर यांचा काटकोन साधारण ब्रेक पूर्ण लागल्यावर झाला पाहिजे. त्याच्या फार पलीकडे लिव्हर जात असेल, तर तुम्ही कितीही जोर लावा, तो लिव्हर वाकवण्यातच जातो.

म्हणून आधी दांडा सैल करा आणि सुरुवात चाकापासून करा. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर शू पुढे सरकवण्यासाठी चौकोनी डोक्याचा बोल्ट किंवा भोकातून फिरणारी दातेरी चक्री असते. उचललेले चाक हाताने फिरवत ती थोडी थोडी आवळत जा. चाक जड होऊन अडेपर्यंत आवळा, मग उलट फिरवून इतकी सैल करा, की चाक मोकळे फिरेल आणि कान दिला तर आतून फक्त हलकेसे घासल्याचा आवाज येईल. दुसऱ्या चाकालाही अगदी तसेच करा. काही साध्या ब्रेकांना अशी चक्री नसते. तिथे लिव्हर कॅमच्या दात्यांवरून काढून एक दाता मागे बसवावा लागतो. दोन्ही चाके सारखी झाली, मग दांडा जोडून त्याचा सैलपणा घालवा. पण थोडी ढील ठेवाच, नाहीतर चालताना ब्रेक सतत घासत राहील.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हव्यात. एकाच चाकाला लागणारा ब्रेक ट्रॉलीला तिरकी ओढतो, आणि पावसाने ओल्या सडकेवर तो ब्रेक नसण्याइतकाच वाईट.

ड्रम उघडलाच आहे तर लाइनर पाहून घ्या. लाइनर रिव्हेटनी ठोकलेले असतील, तर रिव्हेटची डोकी वर यायच्या आत ते बदलावेत. एकदा रिव्हेट ड्रमला लागला, की ड्रमला चर पडतात आणि खर्च वाढतो. लाइनरवर ग्रीस आले असेल, तर ते रॉकेलने धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह नको. आत मुरलेले ग्रीस तापल्यावर पुन्हा वर येते. हबचे सील फुटलेले असते म्हणून ग्रीस येते, तेव्हा सील आणि लाइनर दोन्ही बदलावे. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ छातीला फार वाईट. ओल्या फडक्याने पुसावी. कॅमच्या दांडीला ग्रीस द्यावे, पण बोटाच्या टोकावर मावेल इतकेच.

काही नव्या ट्रॉल्यांना तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असतो. त्यात इंजिनचे जुने तेल घालणारे महाभाग आहेत. कंपनीने जे तेल सांगितले असेल तेच घालावे, कारण चुकीच्या तेलाने आतली रबरे फुगून बसतात आणि ब्रेक लागला तर सुटत नाही. पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. ती काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळची निपल उघडून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सुटण्याआधी निपल बंद करायची. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे. घरच्या बाईने पेडलवर बसून हे काम केले, तर मिस्त्रीची वाट पाहावी लागत नाही, आणि ब्रेक कसा असतो हे तिलाही कळते. ट्रॅक्टर घरचा आहे, एकट्या कर्त्याचा नव्हे.

रस्त्यावरची परीक्षा

आवळलेला ब्रेक अंगणात तपासून भागत नाही. आधी रिकामी, मग अर्धी भरलेली ट्रॉली घेऊन गर्दी नसलेल्या सपाट रस्त्यावर जा. माणूस चालतो त्याहून थोड्या जास्त वेगात ट्रॉलीचा वेगळा ब्रेक असेल तर तो एकटाच लावून पाहा. कुणीतरी मागून पदर धरून ओढावे तसे ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या जाणवले पाहिजे. दोन्ही ब्रेक एकत्र लावाल तेव्हा ट्रॉलीचा किंचित आधी लागावा. म्हणजे ती लोटणार नाही, उलट ताणून धरेल. रिकाम्या ट्रॉलीची चाके अडकून घासत जात असतील, तर ब्रेक फार कडक आहे.

मग ब्रेक न लावता दोन-तीन किलोमीटर चालवून थांबा आणि उलटा हात ड्रमजवळ नेऊन पाहा, लगेच टेकवू नका. ऊब सहन होण्याइतकी असेल तर ठीक. एक ड्रम चटका देणारा आणि दुसरा गार असेल, तर पुन्हा पाना हातात घ्यावा लागेल. दोन्ही तापले असतील, तर दांड्याला ढील कमी आहे, किंवा बेअरिंग तरी तपासायला हवे.

आपल्या भागात पाऊस मोठा, आणि ट्रॉली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुष्कळदा उघड्यावर भिजत पडते. कॅम गंजून बसतात, शू ड्रमला चिकटतात. म्हणून दरवर्षी दोनदा ब्रेक पाहावा. एकदा दसऱ्याला, हत्यारे-अवजारे पुजताना, आणि एकदा होळीच्या सुमारास, विटांचा हंगाम भरात असताना. लावणीच्या दिवसांत ट्रॉली पाण्यातून काढली, तर सडकेवर येताच सावकाश चालवत तीन-चार वेळा हलका ब्रेक लावावा, म्हणजे ड्रममधले पाणी सुकते. ओला लाइनर घसरतो.

ब्रेक चांगला झाला म्हणून उतारावर न्यूट्रल करण्याची सवय मात्र ठेवू नका. डिझेलचे दोन पैसे वाचतात म्हणून हे केले जाते. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि उतार सुरू होण्याआधीच गिअर बदला. अर्ध्या उतारावर क्लच दाबला, की इंजिनची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

भरण्याकडेही लक्ष हवे. दोन चाकी ट्रॉलीत ओझे मागे जास्त झाले, तर गाडी उलाळते तसा दांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक लावला तरी घसरतात. ओझे चाकांच्या थोडे पुढे हवे, पण इतकेही नको, की ट्रॅक्टरचे नाक वर येईल.

ट्रॉलीत माणसे बसवण्याबद्दल एवढेच सांगतो. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा भरते, लग्नसराईत वऱ्हाडे निघतात, आणि वीस-पंचवीस माणसे ट्रॉलीत उभी असतात. 1988 चा मोटार वाहन कायदा ट्रॉलीलाही वाहनच मानतो. मालाची ट्रॉली माणसांसाठी नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई नेमकी याच मुद्द्यावर अडते. पोरासोरांना दांड्यावर बसू न देणे हे तर घरातल्या कोणालाही करता येईल.

शेवटी दोन लहान गोष्टी. दांड्याच्या पिनीला खालून कॉटर घाला आणि पिनीखेरीज एक भक्कम साखळी ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत जोडा. पिन निसटली तरी ट्रॉली मोकाट सुटणार नाही. आणि ब्रेक नीट बसला, की दांड्याच्या नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर एकाच फटकाऱ्यात पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवा. रोज ट्रॉली जोडताना वाकून पाहिले, की रेघ जुळते आहे की नट फिरला आहे, ते क्षणात कळते.