ओवीचे माहेर आणि विद्वत्परिषद

जात्यावरच्या ओवीवर विद्वानांच्या परिषदेत निबंध वाचला जातो, हे ऐकून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना अजूनही हसू येते. ज्या गुणगुणण्याला घरात कोणी गाणेही म्हटले नाही, त्याची विद्यापीठात चर्चा व्हावी याचे नवल वाटणे साहजिकच आहे. परंतु ही विद्या आता पोरकी राहिलेली नाही. १८४६ साली विल्यम थॉम्स या इंग्रज गृहस्थाने तिला ‘फोकलोअर’ हे नाव दिले. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून तिची शास्त्रीय मांडणी केली. आणि आज मुंबई विद्यापीठात लोककलांची स्वतंत्र अकादमी आहे. अशा ठिकाणचे अध्यापक व विद्यार्थी आपले संकलन परिषदांतून मांडतात. प्रश्न एवढाच, की तेथे गाणे पोहोचते. पण गाणारी पोहोचते काय?

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी गावाचेच उदाहरण घेऊ. हे गाव लोणारच्या टापूतले; तेथील सरोवराशी लवणासुराच्या वधाची कथा निगडित आहे. पश्चिम विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि गाणी संपली, की झाकलेला खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. संशोधकाने नुसते शब्द टिपून नेले, तर ती चढाओढ, गाण्याची चाल आणि सासुरवासाच्या ओळीला एखाद्या सुनेचा दाटून आलेला कंठ, हे सारे गावातच राहते. परिषदेत जाते ते केवळ टरफल!

कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ साली स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले. वेदांचे विशेषण ओवीला लाभले, हा तिचा मोठाच गौरव होय. तथापि अपौरुषेय म्हणजे बेवारशी नव्हे. कर्ती अज्ञात असली, तरी आज ती ओवी ज्या मुखातून निघाली, त्या बाईला नाव असते, गाव असते.

हे नाव राखणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी हिने १८६८ साली दख्खनच्या कथा इंग्रजीत प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्या सांगणाऱ्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयेचे नाव तर दिलेच, शिवाय तिची जीवनकहाणीही ग्रंथारंभी छापली. आमच्या काळात हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी सहस्राहून अधिक गावांतून एक लक्षावर ओव्या जमविल्या आणि त्यांसोबत गाणाऱ्या स्त्रियांची नावे व गावेही नोंदविली.

म्हणून आमचे म्हणणे असे, की निबंधात गाणारीच्या संमतीने तिचा नामनिर्देश असावा, गाण्याचा प्रसंग व चाल यांची नोंद असावी, आणि परिषद आटोपल्यावर लेखाची व ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या शाळेत यावी. माहेरी आलेली लेक जशी रित्या हाती येत नाही, तशी ओवीही येऊ नये.

आणि आपण घरच्या मंडळींनी काय करावे? पिठाच्या गिरणीने जात्याची घरघर थांबविली; ती पुन्हा सुरू व्हावी असे कोणतीही सुज्ञ गृहिणी म्हणणार नाही, कारण ते कष्ट तिच्या पूर्वजांनी नव्हे, पूर्वजांच्या बायकांनी उपसले. पण घरात आजी आहे तोवर तिच्याजवळ बसून तिच्या ओव्या, तिच्या नावासह, वहीत उतरविण्यास विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही.