गोळीआधी आवळा

सर्दीचे दिवस आले की सुदुंबरे-तळेगाव परिसरातल्या औषधांच्या दुकानांत संत्र्याच्या चवीच्या 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या खपू लागतात. एका गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम धरली आहे. त्याच संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे २५०, पेरूत २००हून अधिक मिलिग्रॅम आहे. एका मोठ्या आवळ्यात किंवा अर्ध्या पेरूत दिवस भागतो. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

फळ-भाजी तुटली की काय होतं, ते पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इराकमधल्या कूतच्या वेढ्यात दिसलं. तिथे अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. ताजं अन्न संपलं आणि शेकडो भारतीय सैनिकांना स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने गाठलं. पुढे १९४०च्या सुमारास आजच्या हरियाणातल्या हिस्सारच्या दुष्काळात हाच आजार आवळ्याने आटोक्यात आणला गेला. आंबटपणामुळे आवळा वाळवला तरी त्यातलं जीवनसत्त्व बरंच टिकतं.

सर्दीचं काय? गोळी रोज घेणाऱ्यांनाही सर्दी होतेच. मोठ्यांमध्ये ती सरासरी ८ टक्के लवकर आटोपते, एवढंच. शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. एका वेळी १ ग्रॅमहून जास्त घेतलं, तर निम्म्याहून कमीच अंगी लागतं.

खरा लाभ जेवणाच्या ताटात आहे. वरण-भात, भाकरी, पालेभाजी यांतलं लोह शरीर सहजी शोषत नाही. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं की शोषतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मावळच्या घराघरांत इंद्रायणी तांदळाचा भात शिजतो, त्या वरण-भातावर लिंबू पिळणं म्हणूनच मोलाचं. लिंबू मात्र भांडं उतरवल्यावर पिळावं, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, म्हणून तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

डॉक्टरांनी सांगितली असेल तर गोळी जरूर घ्यावी. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मोठे डोस मनाने घेऊ नयेत. बाकीच्यांनी ते पैसे मुलांच्या डब्यातल्या पेरूवर आणि घरातल्या बायकांच्या ताटातल्या लिंबावर खर्च करावेत.