अंससंधीचा आघात आणि व्यायामचिकित्सा

खांदा दुखतो म्हणून येणारा रुग्ण आपणांपैकी कोणासही नवा नाही. त्याचा हात वर जात नाही असे दिसताच 'अवबाहुक' हे निदान मनात येते आणि तेल, स्वेद व नस्य अशी योजना लिहिली जाते. ही योजना चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. मात्र जेथे व्याधीचे मूळ आघातात आहे, तेथे ती अपुरी पडते. दुखावलेला खांदा पूर्ववत होतो तो क्रमाक्रमाने वाढविलेल्या हालचालीने. स्नेहन-स्वेदन ही त्या हालचालीची पूर्वतयारी होय. याच मुद्द्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. दुचाकीवरून पडलेले एक मध्यमवयीन गृहस्थ आमच्याकडे आले. अस्थिभंग नव्हता. आम्ही अवबाहुक समजून सहा आठवडे अभ्यंग व नाडीस्वेद केला. वेदना उणावली, परंतु हात उचलण्याचे बळ आले नाही. पुढे तपासणीत कंडरा पूर्ण तुटल्याचे आढळले. शस्त्रक्रियेचा निर्णय ज्या काळात व्हावयास हवा होता, तो काळ आमच्या तेलात गेला. रुग्णाने दोष दिला नाही, पण आम्हांस तो विसरता आलेला नाही.

रचना व बिघाड

सुश्रुतांनी कक्षासंधीची गणना उलूखल संधीत केली आहे. मात्र खांद्याचे हे उखळ फार उथळ आहे. त्यामुळेच हा सांधा सर्व दिशांना फिरतो आणि त्यामुळेच तो सहज निखळतो. त्याला जागेवर धरून ठेवतात त्या सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर व सबस्कॅप्युलॅरिस या चार पेशी व त्यांच्या कंडरा. या समूहास 'रोटेटर कफ' म्हणतात.

आघातानंतर रुग्ण वेदनेच्या भयाने हात छातीशी धरून ठेवतो. झोळीचा हात आठवड्यांमागून आठवडे झोळीतच राहतो. मग सांध्याभोवतीचे आवरण आकसते, पेशी क्षीण होतात आणि मूळची इजा भरून आली तरी खांदा जखडलेलाच राहतो. अंसमर्माच्या आघाताने स्तब्धबाहुता येते, हे सुश्रुतवचन येथे आठवावे.

निदानातील भेद

एक सोपी परीक्षा प्रत्येकाने करावी. प्रथम रुग्णास स्वतः हात उचलण्यास सांगावे. नंतर तोच हात वैद्याने हळुवार उचलून पाहावा. कोपर कमरेशी टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूस वळवूनही पाहावा.

१. रुग्णास जमत नाही आणि वैद्याच्या हातूनही हालचाल होत नाही : आवरण आकसलेले असण्याचा संभव, म्हणजेच 'फ्रोझन शोल्डर'. हा विकार मधुमेहींत अधिक आढळतो; म्हणून रक्तशर्करा अवश्य तपासावी.

२. वैद्याच्या हातून हालचाल बरीच होते, पण रुग्णाच्या हातात बळ नाही : कंडरा तुटल्याची शंका घ्यावी व सोनोग्राफी अथवा एमआरआय करवून घ्यावे.

पडल्याचा इतिहास असल्यास क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून मर्दन करू नये.

शास्त्राधार

व्यायामाने दुखापत बरी करणे ही केवळ पाश्चात्त्य कल्पना आहे असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या भग्नचिकित्सा अध्यायात निखळलेला अंससंधी काखेत मुसळ देऊन बसविण्याचा व नंतर स्वस्तिकबंध बांधण्याचा विधी आहे. त्याच अध्यायात तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग लवण आणि हातात बळ आल्यावर पाषाण धरावा असे सांगितले आहे. भार क्रमाने वाढवीत जाण्याचे हेच तत्त्व आजच्या फिजिओथेरपीच्या मुळाशी आहे. पाश्चात्त्य वैद्यकात बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात 'फ्रोझन शोल्डर' ही संज्ञा योजली. पुढे दिलेला लंबकाचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

उपचारक्रम

पहिली अवस्था (वेदना व शोथ) : या काळात जोरकस मर्दन व तीव्र स्वेद टाळावा. निखळलेला सांधा बसविल्यानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर झोळी किती दिवस ठेवावी हे संबंधित शल्यवैद्याने ठरवावे. परवानगी मिळताच कमरेत वाकून, निरोगी हाताने मेजाचा आधार घेऊन, दुखरा हात लंबकाप्रमाणे सैल लोंबता ठेवावा व लहान वर्तुळात फिरवावा.

दुसरी अवस्था (हालचाल) : प्रसारिणी अथवा महानारायण तैलाचा हलका अभ्यंग व मृदू स्वेद करून लगेच व्यायाम घ्यावा. दोन्ही हातांत काठी धरून निरोगी हाताने दुखरा हात वर नेणे, भिंतीवर बोटांनी चढत जाणे, हे या अवस्थेतील व्यायाम होत. स्वेदनानंतर रुग्णास झोपवून ठेवणे म्हणजे तापलेले लोखंड न घडवता थंड होऊ देणे होय.

तिसरी अवस्था (बल) : प्रथम भिंतीस हात दाबून धरणे, मग रबरी पट्टा ताणणे व शेवटी लहान वजने. पाठीच्या फऱ्याभोवतीच्या पेशींचाही व्यायाम हवा. त्या दुर्बल राहिल्यास खांद्यास आधार मिळत नाही.

व्यायामाचे प्रमाण ठरविताना अर्धशक्तीचा नियम पाळावा. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत शमले पाहिजे. न शमल्यास मात्रा अधिक झाली असे समजावे. कंडरेच्या साध्या इजेस बहुधा काही आठवडे ते तीन महिने लागतात, तर जखडलेल्या खांद्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात. हे रुग्णास आरंभीच सांगितले म्हणजे तो मध्येच उपचार सोडीत नाही.

औषध विक्रेत्यांसाठी

खांद्यासाठी तेल मागणारा ग्राहक अनेकदा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो. त्यास तीन प्रश्न विचारावेत : पडणे अथवा मार लागणे झाले होते काय? हातात बळ कमी आहे किंवा बधिरता आहे काय? छातीत दडपण, घाम अथवा धाप आहे काय? पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास तेलाची बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. तिसऱ्याचे होकारार्थी असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे, कारण हृदयविकाराची वेदना खांद्यातही उमटते.

जवळच्या फिजिओथेरपिस्टशी परिचय ठेवणे यात वैद्याचा कमीपणा नाही. रुग्णाचा हात पुन्हा फडताळाच्या वरच्या खणापर्यंत पोहोचला, की त्याचे श्रेय कोणाचे हा प्रश्न उरत नाही.