पाहुण्यांच्या खोल्या आणि घरचा हिशेब

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर जाम येथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो. या चौरस्त्यापासून समुद्रपूर जवळच. कापूस, सोयाबीन आणि तूर ही तालुक्याची पिके; आणि या पिकांच्या खरेदी-विक्रीवर, किराणा-कापडाच्या दुकानांवर स्थिरावलेली व्यापारी घरे हा येथील बाजारपेठेचा कणा. यांपैकी अनेक घरांसमोर आज एकच प्रश्न उभा आहे. पुढची पिढी पुण्यात वा बंगळुरात नोकरीला गेली, वाड्याच्या मागच्या खोल्या रिकाम्या पडल्या, शेतावरचे घर वर्षातून दोनदा उघडले जाते. मग या वास्तूचे काय करावे? मुलगा फोनवरून सुचवतो, ‘खोल्या पर्यटकांना द्या, एअरबीएनबीवर टाका, घरबसल्या पैसे येतील.’

यातला ‘घरबसल्या’ हा शब्द तेवढा तपासून घेण्यासारखा आहे.

एअरबीएनबीचा उगमच मुळी घरभाडे भागवण्याच्या विवंचनेतून झाला. 2007 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील दोन तरुणांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून परिषदेसाठी आलेल्या परगावच्या पाहुण्यांची सोय केली, आणि 2008 मध्ये त्याची कंपनी झाली. परंतु परक्याला पैसे घेऊन उतरवून घेण्याची रीत जैन समाजाला कुणी शिकवायला नको होती. भद्रावती, रामटेक, मुक्तागिरी, शिरपूर या विदर्भाच्या परिसरातील तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळा पिढ्यान्पिढ्या हेच काम करीत आल्या आहेत. वहीत नाव-गाव लिहायचे, गादी-उशी मोजून द्यायची, जाताना मोजून घ्यायची, सूर्यास्तानंतर भोजनशाळा बंद. नियम दारावरच लिहिलेले असतात आणि येणारा ते मान्य करूनच पायरी चढतो. मुनीमजींशी कुणी हुज्जत घालत नाही. मंचावरून आलेला पाहुणा मात्र यात्रेकरू नसतो, तो ग्राहक असतो. त्याने पैसे आधीच भरलेले असतात आणि जाताना तो तारांकित शेरा देऊन जाणार असतो. ज्यांनी आयुष्यभर धर्मशाळांना देणग्या दिल्या, त्यांना यजमान म्हणून पहिला धक्का बसतो तो इथे.

मग समुद्रपुरात उतरायला येणार तरी कोण? ताडोबाचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. पण कोलारा, नवेगाव, मोहर्ली ही प्रवेशद्वारे येथून बरीच दूर आहेत. पहाटेच्या सफारीला जाणारा पर्यटक दाराशीच मुक्काम करतो. समुद्रपूरच्या वाट्याला येईल तो वाटेवरचा प्रवासी, लग्नाचे वऱ्हाड, हुरड्याच्या दिवसांत नागपूरहून येणारी कुटुंबे, सेवाग्राम-पवनार पाहून पुढे निघालेले लोक, आणि गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला येणारे भाविक. गिरडची एक जुनी आख्यायिका व्यापाऱ्यांनी ऐकून ठेवावी अशी आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला, असे सांगतात. टेकडीवर सापडणारे सुपारी-जायफळासारखे गोल खडे त्या मालाचेच अवशेष मानले जातात. भूगर्भशास्त्र त्यांना वेगळे नाव देते, ती गोष्ट निराळी. अडकून पडलेल्या भांडवलाचे इतके नेमके चित्र मात्र दुसरे मिळणार नाही.

कारण भांडवल अडकते. समजा, एका कुटुंबाने तीन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघरे, वातानुकूलन आणि नवे फर्निचर यांसाठी दहा लाखांचे कर्ज सात वर्षांच्या मुदतीने, अकरा टक्के व्याजाने घेतले. वर्षाला तीन खोल्यांच्या एकूण 1,095 रात्री होतात. त्यांपैकी चौथा हिस्सा, म्हणजे 274 रात्री भरल्या आणि सरासरी भाडे 2,500 रुपये धरले, तर जमा 6,85,000 रुपये. यातून मंचाचे कमिशन पंधरा टक्क्यांनी 1,02,750. धुलाई, न्याहारी, साबण-पाणी असे दर रात्री 450 रुपये धरून 1,23,300. राखणदाराला महिना बारा हजार, म्हणजे 1,44,000. वीज, गॅस व इंटरनेट 96,000. दुरुस्ती व चादरी-गाद्या 60,000. खर्चाची बेरीज 5,26,050. हाती राहिले 1,58,950. कर्जाचा मासिक हप्ता सतरा हजारांच्या थोडा वर जातो, म्हणजे वर्षाला सुमारे 2,05,500. तूट साडेशेचाळीस हजारांची! ती भरून काढायला आणखी 28 रात्री भरल्या पाहिजेत. संपूर्ण वर्षाचे गणित या अठ्ठावीस रात्रींवर तोलून असते, आणि येथे घरच्या माणसांच्या कष्टाचा मोबदला एक रुपयाही धरलेला नाही. हेच काम स्वतःच्या शिलकीतून, चार लाखांत, आहे त्या वास्तूची डागडुजी करून केले तर हिशेब जमतो. कर्जाने नव्हे.

अठ्ठावीस रात्री हातातून कशा निसटतात, हे उमरेड-कऱ्हांडल्याच्या यजमानांना विचारावे. 2013 मध्ये नागझिऱ्याहून ‘जय’ नावाचा वाघ तेथे आला आणि त्याला पाहायला देशभरातून लोक येऊ लागले. एप्रिल 2016 नंतर तो दिसेनासा झाला, तो आजतागायत सापडला नाही. एका प्राण्यावर उभी राहिलेली गर्दी तो नाहीसा झाल्यावर ओसरली. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात तीन महिने बंद असतो आणि एरवीही दर मंगळवारी. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी एवढेच यजमानाचे सुगीचे दिवस.

आणि नेमके तेच दिवस दुकानाच्या सुगीचे असतात. कापसाची आणि सोयाबीनची आवक दिवाळीपासून वाढते, घरातला प्रत्येक पुरुष तेव्हा आडतीत आणि वजनकाट्यावर असतो. पाहुणा रात्री दहाला फोन करून चावी मागतो, पहाटे पाचला गरम पाणी मागतो. हे काम कुणी करायचे? आजवरचा अनुभव सांगतो की ते सुनेच्या आणि सासूबाईंच्या अंगावर पडते. चादरी बदलणे, न्हाणीघर घासणे, परक्या माणसांच्या मुलांनी भिंतीवर काढलेल्या रेघा पुसणे, हे ‘घरातलेच काम’ म्हणून खतावणीत कुठेच लिहिले जात नाही. निर्णय घेताना तिला विचारलेले नसते. आणि भाड्याची रक्कम जमा होते ती सासऱ्यांच्या किंवा पतीच्या खात्यात. कुटुंबाने हा उद्योग करायचाच ठरवले, तर खाते तिच्या नावाने असावे आणि बुकिंग घेण्या-नाकारण्याचा अधिकारही तिच्याकडे असावा. महाराष्ट्र शासनाच्या 2023 च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणाचा रोखही असाच स्त्री-उद्योजकांना पुढे आणण्याकडे आहे.

खाते कुणाच्या नावावर, याला करांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे आणि व्यापारी घराची फसगत येथेच होते. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. अशा लहान यजमानाच्या खोलीवरचा कर मंचच भरतो. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर हा दर पाच टक्के आहे. हे वाचून दुकानदार निर्धास्त होतो. परंतु त्याच्याच पॅनवर आडतीची वा किराण्याची नोंदणी आधीपासून असेल, तर मर्यादा एकत्र मोजली जाते आणि खोल्यांचे भाडेही त्याच नोंदणीच्या विवरणात यावे लागते. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराने तर सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पहिली खोलीही देऊ नये. मंचाने कापलेला उद्गम कर विवरणपत्रात दिसतोच. मग ‘चार पाहुणे आले होते, त्यात काय’ हे उत्तर चालत नाही.

नोंदणीचे कागद फार नाहीत, पण टाळण्यासारखेही नाहीत. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेत सहा खोल्यांपर्यंतच्या घराची नोंद होते. अट एकच, मालकाचे कुटुंब त्याच वास्तूत राहत असले पाहिजे. पुण्यातून मोबाईलवर घर चालवू पाहणाऱ्या मुलाने ही अट दोनदा वाचावी. नगरपंचायतीचा कर आणि महावितरणचा वीजदर निवासी राहील की व्यावसायिक होईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र घ्यावे. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवावी लागते. घराच्या विम्यात पैसे देऊन राहणाऱ्यांमुळे झालेले नुकसान बहुधा बसत नाही, म्हणून विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्यावी.

दारूचा प्रश्न मात्र कागदावर सुटत नाही. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्यामुळे नागपूरहून चंद्रपूरला निघालेल्या प्रवाशाला आपण मधल्या टप्प्यात बंदीच्या जिल्ह्यात आहोत, याची जाणीवच नसते. बाटली त्याच्या पिशवीत असते, पण घर यजमानाचे असते. अशा वेळी जैन घराने ‘आमच्या धर्मात चालत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘येथे कायद्याने बंदी आहे’ असे सांगावे. वाद वाढत नाही.

आहाराबाबत ही सोय नाही. कांदा-लसूण नाही, कंदमुळे नाहीत, मांसाहार बाहेरून आणूनही चालणार नाही, रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी, या चार ओळी जाहिरातीच्या सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत हव्यात. त्यामुळे बुकिंग कमी होईल या भीतीने अनेकजण त्या तळाशी टाकतात आणि मग रात्री दहाला भुकेलेले कुटुंब दारात उभे राहते. त्याला उपाशी झोपवणे बरे नव्हे आणि चुलीवर पातेले चढवणे नियमात नाही. व्रत यजमानाचे असते, पाहुण्याचे नसते. तेव्हा खोलीत खाकरे, चिवडा, फळे ठेवणे आणि जामच्या चौरस्त्यावर उशिरापर्यंत काय मिळते ते आधीच कळवणे, एवढे तरी करता येते.

काही ज्येष्ठांना आणखी एक शंका येते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘भाडीकर्म’ आहे, मग घर भाड्याने देणे बसते का? तेथे रोख गाड्या आणि जनावरे भाड्याने वाहून त्यांना होणाऱ्या पीडेकडे आहे. त्यामुळे खोलीच्या भाड्याचा त्याच्याशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल. खरी अडचण बाराव्या व्रताच्या, अतिथिसंविभागाच्या बाजूने येते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. या महामार्गाने विहार करणारे साधू-साध्वी कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपताच निघतात, म्हणजे नेमके पर्यटकांची वर्दळ सुरू होते तेव्हा. आज कोठे मुक्काम होईल, हे पुष्कळदा आदल्या संध्याकाळीच ठरते. मंचाला मात्र तारीख हवी असते, आणि घेतलेले बुकिंग यजमानाने रद्द केले तर दंड लागतो, घराचे नाव यादीत खाली जाते. शिवाय कालपर्यंत जेथे कुणी काय खाल्ले हे माहीत नाही, तेथे साध्वीजींना उतरवायचे कसे?

ज्या घरांत हा पेच पडतो, तेथे एक तोडगा काढता येतो. रस्त्याकडच्या दोन खोल्या मंचावर टाकायच्या. मागच्या बाजूचे, स्वतंत्र जिन्याचे दालन कधीच टाकायचे नाही. त्याची चावी दुकानाच्या गल्ल्यात राहते. वर दिलेल्या हिशेबातल्या तीनपैकी एक खोली अशी कमी होते, आणि तेवढे कर्जही कमी काढावे लागते.